अब्बांची जीप आणि अंगणातला डाग

फजरची नमाज पढून घरी परतलो की अंगणात पाऊल टाकताना आमची नजर आधी खाली जायची. जीप उभी असते तिथे, तिच्या पोटाच्या मधोमध, रोज सकाळी एक नवा थेंब पडलेला असायचा. आधी रुपयाच्या नाण्याएवढा, मग बशीएवढा. अम्मी त्यावर राख टाकायच्या, लाकडाचा भुसा टाकायच्या. आठ दिवसांनी डाग पुन्हा वर.

ही जीप अब्बांची. महिंद्राची सी-जे थ्री-बी. बॉनेट उंच असलेलं ते जुनं मॉडेल, आमच्या कोकणात एकेकाळी दर दोन गावांमागे एक तरी दिसायचं. अब्बांनी ती एका सरकारी लिलावात घेतली, स्वतः रंगवली, आमच्या तिघा भावंडांना तिच्यावरच गाडी चालवायला शिकवलं. मागच्या वर्षी अब्बांचा इंतकाल झाला. जीप अंगणात राहिली आणि तिच्याखालचा डाग वाढत राहिला.

घरात चर्चा झाली. आम्ही दोघे भाऊ नोकरीनिमित्त बाहेर, बाजी तिच्या सासरी. अम्मींना तर गाडी चालवता येत नाही. तेव्हा जीप विकावी असं ठरलं. पुण्याचे एक गृहस्थ जुन्या गाड्यांचे शौकीन, त्यांनी पाहायला येतो म्हणून कळवलं. आमच्यापैकी एकजण सहज बोलून गेला, "ते येण्याच्या आदल्या दिवशी खालून धुऊन काढू, ऑइल भरून ठेवू. तासाभरात काही थेंब दिसायचा नाही."

अम्मी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जे आपल्याला माहीत आहे ते त्यालाही माहीत व्हायला हवं. ऐब लपवून विकलेला पैसा मला घरात नको."

विषय तिथेच संपला. विकायची तर दुरुस्त करून, नाहीतर दोष सांगून. पण दुरुस्त काय करायचं हेच आम्हाला नीट ठाऊक नव्हतं.

थेंबापेक्षा मोठी गोष्ट

त्याच आठवड्यात एक प्रकार घडला. आमच्या दारातला रस्ता चढाचा आहे. जीप चढावर उभी करून हॅण्डब्रेक ओढला आणि अम्मींना बसवायला आम्ही खाली उतरलो. अम्मींनी दांडा धरून पाय वर ठेवणार, तोच जीप मागे सरकली. हळूच, आवाज न करता. दोन-तीन हात मागे येऊन ती जांभ्याच्या गडग्याला टेकली. अम्मींनी पाय उचलला नव्हता म्हणून बरं. अल्लाहचे लाख शुक्र, कुणाला काही झालं नाही. मागे रस्त्यावर शेजारची दोन मुलं सायकल घेऊन उभी होती, ते मात्र आम्हाला नंतर लक्षात आलं आणि त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

हॅण्डब्रेकची केबल ढिली झाली असेल असं आम्ही समजलो. दुसऱ्या दिवशी अब्बांचे जुने दोस्त मिस्त्रीचाचा यांना बोलावलं. त्यांचं वय आता सत्तरीच्या पुढे, गॅरेज मुलाच्या हाती दिलेलं. त्यांनी आमचं बोलणं ऐकून घेतलं, चटई मागितली आणि जीपखाली सरपटत गेले. बाहेर आले तेव्हा बोटाला काळं ऑइल लागलेलं होतं.

"केबल ठीक आहे," ते म्हणाले. "तुमचा ऑइलचा डाग आणि तुमचा हॅण्डब्रेक, ही एकच बीमारी आहे."

हे आम्हाला नवीन होतं. आजच्या बहुतेक गाड्यांत हॅण्डब्रेक मागच्या चाकांना लागतो. या जुन्या जीपमध्ये तसं नाही. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस असते. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी ती पेटी. तिच्या मागच्या तोंडातून निघालेला शाफ्ट मागच्या चाकांकडे जातो, आणि त्या तोंडावरच एक छोटा ब्रेक ड्रम बसवलेला असतो. हॅण्डब्रेक ओढला की त्या ड्रममधले लायनर शाफ्टला जखडतात. आता त्याच तोंडाचं ऑइल सील गळायला लागलं, तर ऑइल जाणार कुठे? आधी ड्रममध्ये, मग अंगणात. लायनर ऑइलने भिजले की पकड गेली.

म्हणजे वर्षभर आम्ही ज्याला डाग म्हणत होतो, तो ब्रेकच हळूहळू निकामी होत असल्याचा इशारा होता.

सील बदलून का थांबलं नव्हतं

आम्ही चाचांना सांगितलं, की अब्बांनी दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका गॅरेजात हेच सील बदलून घेतलं होतं. महिना-दीड महिना बरा गेला, मग पुन्हा गळती. तेव्हा सगळ्यांनी मानलं होतं, की सील नकली असणार.

चाचा हसले. "सील बिचारं दरवानासारखं असतं. आतून ढकलणारे दहा असतील तर दरवान बदलून काय होणार? आधी ढकलतंय कोण ते पाहू."

पुढचे तीन दिवस त्यांनी आम्हाला जे शिकवलं ते आम्ही वहीत लिहून ठेवलं. बाजी बॅटरी धरून बसायची आणि तीच टिपणं घ्यायची. कुणाच्या घरी जुनी गाडी असेल तर त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून ते इथे क्रमाने देतो.

पहिला दिवस : कोणतं ऑइल, कुठून

चाचांनी सगळ्यात आधी एक मोठा पुठ्ठा मागितला. फ्रीज आला होता त्याचं खोकं उलगडून आम्ही रात्री जीपखाली अंथरलं, चारही चाकांच्या जागा पुठ्ठ्यावर पेनाने खुणावल्या. सकाळी पुठ्ठ्यावर दोन ठिकाणी थेंब होते.

पुढचा थेंब इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडाखाली. तो पातळ, काळाकुट्ट. बोटांवर चोळला तर पाण्यासारखा पसरायचा. ते इंजिनचं ऑइल. मागचा थेंब ट्रान्स्फर केसखाली. तो घट्ट, मधासारखा, आणि त्याला एक उग्र वास, गंधकासारखा. ते गिअर ऑइल. हा वास एकदा ओळखला की विसरता येत नाही.

चाचा म्हणाले, क्लच जिथे असतो त्या घंटेसारख्या खोक्याच्या तळाला एक भोक ठेवलेलं असतं. इंजिनच्या मागच्या सीलमधून गळलेलं ऑइल आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडातून गळलेलं ऑइल, दोन्ही त्याच भोकातून बाहेर येतात. म्हणून जागा पाहून निकाल देऊ नये, ऑइल कोणतं ते आधी पाहावं. नाहीतर इंजिनची गळती असताना माणूस गिअरबॉक्स उतरवून बसतो. आमच्याकडे तिथला थेंब इंजिनचा होता आणि दिवसाला एखादाच. तो वहीत लिहिला आणि बाजूला ठेवला.

मग त्यांनी गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस, दोन्हींचे भरणीचे प्लग उघडायला सांगितले. गाडी सपाट जमिनीवर असताना ऑइल त्या भोकाच्या काठापर्यंत असायला हवं. गिअरबॉक्समध्ये ते होतं. ट्रान्स्फर केसमध्ये बोट पूर्ण आत घातलं तरी जेमतेम टोकाला लागलं.

इथे आमची चूक समजली. अब्बा आजारी असताना महिन्यातून एकदा ऑइल भरायचं काम आमच्याकडे होतं आणि आम्ही फक्त गिअरबॉक्समध्ये भरत होतो. या जीपमध्ये दोन्ही पेट्या एकमेकींना चिकटून बसवलेल्या असतात, गिअरबॉक्सचा शाफ्ट थेट ट्रान्स्फर केसमध्ये शिरतो आणि थोडंफार ऑइल इकडून तिकडे जातं. म्हणून एकीत पाहून दुसरी भरलेली आहे असं धरून चालत नाही. दोन्ही पाहायच्या, बदलायचं तर दोन्हींचं ऑइल एकाच वेळी बदलायचं. गिअरबॉक्सला साधारण पाऊण लिटर लागतं आणि ट्रान्स्फर केसला साधारण दीड लिटर. एवढ्याशा ऑइलवर दात आणि बेअरिंगं चालतात, त्यात अर्धा लिटर कमी म्हणजे थोडं नव्हे.

दुसरा दिवस : धुणं, पावडर आणि आठ किलोमीटर

वर्षानुवर्षांचा चिखल आणि ऑइल मिळून जीपच्या पोटाला बोटभर जाडीचं कातडं झालेलं होतं. त्यातून गळती शोधणं अशक्य. खरवडणीने खरवडून, डिझेल आणि ब्रशने धुऊन, चिंध्यांनी पुसून सगळं कोरडं केलं. त्यालाच अर्धा दिवस गेला. मग चाचांनी घरातली साधी टाल्कम पावडर मागितली. पावडर जोडांवर, सीलच्या कडांवर, बोल्टांभोवती पातळ भुरभुरवली. अम्मी दारातून पाहत होत्या. "जीपला निकाहला न्यायचंय का?" असं विचारून आत गेल्या.

आठ किलोमीटर चालवून आलो आणि लगेच खाली शिरलो. पांढऱ्या पावडरीवर ओल कुठे फुटली ते आता स्पष्ट दिसत होतं. चाचांनी दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली, गाडी चालताना वाऱ्याने ऑइल मागे आणि वजनाने खाली जातं. म्हणून थेंब पडतो ती जागा गळतीची नसते. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची.

दुसरी, फिरणाऱ्या भागातून ऑइल आलं तर ते नुसतं ओघळत नाही, गोल फेकलं जातं. आमच्या जीपच्या पाटावर, हॅण्डब्रेकच्या ड्रमच्या बरोब्बर वर, शिंतोड्यांची एक रेघ उमटली होती. म्हणजे ऑइल ड्रमच्या आतून येत होतं.

बाकीच्या जागाही एकेक करून पाहिल्या. ट्रान्स्फर केसचे गिअर बदलणारे दोन दांडे पुढून बाहेर येतात, त्यांच्या सीलला हलकीशी ओल. स्पीडोमीटरची केबल जोडते ती जागा कोरडी. मधला गिअर ज्या शाफ्टवर फिरतो त्याचं मागचं टोक घामेजलेलं. या जातीच्या ट्रान्स्फर केसची ती जुनी खोड आहे असं चाचा म्हणाले. पण खरी धार मागच्या तोंडातूनच.

एवढं झाल्यावर आम्हाला वाटलं, आता सील मागवायचं. चाचा मात्र केसच्या वरच्या अंगाला बॅटरी मारून काहीतरी शोधत होते. तिथे बोटाच्या पेराएवढी एक पितळी टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. आमची टोपी चिखलाने आणि रंगाने पार बुजलेली होती. रंग अब्बांनीच मारलेला, हौसेने.

ब्रीदरचं काम एकच. गाडी चालली की ऑइल तापतं, आतली हवा फुगते. ती हवा ब्रीदरमधून बाहेर जायला हवी. ब्रीदर बंद असेल तर हवा दुसरी वाट शोधते आणि सगळ्यात मऊ वाट असते सीलची. जाताना ती ऑइल सोबत घेऊन जाते. नवं सील घातलं तरी मागून हवेचा दाब तोच.

ब्रीदर काढला, रॉकेलमध्ये बुडवला, तारेने साफ केला, फुंकर मारून पाहिली आणि परत बसवला. चाचा म्हणाले, "आता दुसरं काही करू नका. ट्रान्स्फरचं ऑइल काठापर्यंत भरा, खाली पुसा, पावडर मारा, पुन्हा आठ किलोमीटर. दोन कामं एकदम केलीत तर कोणत्या कामाने फरक पडला हे तुम्हाला कधी कळणार नाही."

फरक पडला. ऑइल आता पूर्ण भरलेलं होतं, तरी शिंतोड्यांची रेघ निम्म्यावर आली. पण गळती थांबली नाही. म्हणजे ढकलणारा आणखी कुणीतरी होता.

तिसरा दिवस : उघडल्यावर काय दिसलं

उघडण्याआधी चाचांनी आम्हाला दटावून एक गोष्ट सांगितली, ती आम्ही ठळक अक्षरात लिहिली आहे. या जीपचा हॅण्डब्रेक शाफ्टला धरतो. मागचा शाफ्ट सोडला की हॅण्डब्रेक मागच्या चाकांना धरू शकत नाही आणि गाडी गिअरमध्ये ठेवली तरी ती चाकं मोकळीच. इतकंच काय, शाफ्ट जोडलेला असतानासुद्धा मागचं एक चाक जॅकने उचललं, तर ते हवेतलं चाक उलटं फिरून गाडी सुटू शकते. म्हणून सपाट जागा आणि चाकांना पुढून-मागून लाकडाच्या पाचरी. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली जायचं नाही. मजबूत घोडे लावल्याशिवाय चाचा स्वतःही खाली शिरले नाहीत.

मग काम सुरू झालं. आधी भरणीचा प्लग सैल केला आणि त्यानंतर तळाचा. हा क्रम महत्त्वाचा. तळाचा उघडून ऑइल सोडून दिलं आणि नंतर भरणीचा प्लग गंजून अडकलेला निघाला तर माणूस अडकतो. थोडी गाडी चालवून ऑइल कोमट असताना सोडलं म्हणजे गाळही निघून येतो. निघालेलं ऑइल पांढऱ्या थाळीत घेऊन पाहिलं. बारीक करडी चमक होती, या वयात ती असतेच. धातूचे तुकडे नव्हते.

शाफ्टचा मागचा क्रॉस सोडला, त्याच्या वाट्या निसटून सुया सांडू नयेत म्हणून चिकटपट्टी गुंडाळली. मग चाचांनी ट्रान्स्फर केसचा शाफ्ट हाताने धरून पुढे-मागे हलवला. टक्, टक्. त्यांच्याकडे मोजायचं डायल गेज होतं. त्यावर तीन दशांश मिलिमीटर हालचाल दिसली. या शाफ्टला एक ते दोन दशांश मिलिमीटरपर्यंतची मोकळीक चालते. त्याहून जास्त असेल तर शाफ्ट सीलच्या ओठाला सतत घासत, ढकलत राहतो.

ड्रम आणि योक बाहेर काढल्यावर तिसरा गुन्हेगार सापडला. योकच्या ज्या गुळगुळीत भागावर सीलचा ओठ टेकतो, तिथे गोल खाच पडलेली होती. डोळ्याला ती नुसती चकचकीत रेघ दिसायची, पण नख फिरवलं की अडकायचं. नख अडकलं तर ऑइल निसटणारच.

म्हणजे हिशोब असा निघाला. बंद ब्रीदरने आतून दाब दिला, सैल शाफ्टने सील हलवलं, खाचेने ऑइलला वाट करून दिली. दोन वर्षांपूर्वीच्या त्या गॅरेजने यातलं काहीच न पाहता फक्त सील बदललं होतं. तेही सील अस्सल होतं, त्याच्यावर छापलेला नंबर चाचांनी आम्हाला दाखवला. आम्ही दोन वर्षं उगाच त्या दुकानदाराला नकली माल विकणारा म्हणत होतो. ते शब्द परत घेता येत नाहीत. बाजीने वहीत तेही लिहून ठेवलं.

दुरुस्ती

योकला लेथवर घासून बारीक बाही चढवता येते. पण चाचांनी चांगला जुना योक मिळाला तर पाहा म्हटलं. आमचा एक आतेभाऊ मुंबईला असतो, त्याने कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात दोन फेऱ्या मारल्या आणि खाच नसलेला, त्याच दात्यांचा योक शोधून एसटीने पाठवला.

मागची टोपी बोल्ट काढून उतरवली. टोपी आणि केस यांच्यामध्ये कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. एक पातळ शिम कमी केली, टोपी परत आवळली, गेज लावलं. मोकळीक दीड दशांशावर आली. शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, कुठे जड जात नव्हता. मोकळीक अजिबात न ठेवता आवळलं तर बेअरिंग तापून जळतं, हेही लक्षात ठेवायचं. शिमांमधूनही ऑइल झिरपतं, म्हणून शेवटी बसवताना प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी शेलॅकचा पातळ हात दिला.

नवं सील बसवताना ओठाची बाजू आत, ऑइलकडे. ओठाला ग्रीस चोळलं, कारण पहिल्या फेरीत कोरडं सील जळतं. बाहेरच्या कडेला किंचित शेलॅक. मग हातोडी थेट न मारता लाकडाचा सपाट ठोकळा ठेवून चारही बाजूंनी हळूहळू ठोकत सील सरळ आत घातलं. तिरकं गेलेलं सील पहिल्याच दिवशी गळतं.

योक बसवताना एक बारकावा होता, तो आम्हाला कधी सुचला नसता. ऑइल सीलच्या बाहेरूनच येतं असं नाही. शाफ्टच्या दात्यांच्या फटींतून ते नटापर्यंत सरकतं आणि तिथून टपकतं. म्हणून वॉशरखाली, दात्यांच्या तोंडाशी, थोडा सीलंट लावला. नट आवळला आणि नवी कॉटर पिन घातली. जुनी पिन सरळ करून परत वापरायची नाही, तार थकलेली असते.

राहिले हॅण्डब्रेकचे लायनर. आमच्यातला एकजण म्हणाला, पेट्रोलने धुऊन, आग दाखवून ऑइल जाळून टाकलं तर चालेल का? असं अनेकजण करतात. चाचांनी मान हलवली. लायनरने ऑइल आतवर प्यायलेलं असतं. वरून कोरडं दिसतं, ब्रेक तापला की पुन्हा बाहेर येतं. चढावर अम्मी उभ्या असताना पुन्हा तीच गोष्ट. म्हणून नवे लायनर घातले. जुन्या लायनरमध्ये बहुधा ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ छातीत जाणं फार वाईट. त्यामुळे हवेचा झोत न मारता ओल्या फडक्याने ड्रम पुसला आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं.

मग ऑइल. दुकानात ९० नंबरचं गिअर ऑइल मागितलं की समोर दिसेल ते देतात. डब्यावर जी-एल-४ लिहिलेलं घ्यावं. जी-एल-५ मध्ये क्राउनसाठी जास्त गंधकाची रसायनं असतात, ती गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना कालांतराने खाऊ शकतात. दोन्ही पेट्या भोकाच्या काठापर्यंत भरल्या, तासभर थांबलो, गाडी थोडी चालवून परत पाहिल्या आणि कमी झालेलं भरलं.

निघालेलं जुनं ऑइल गटारात जाऊ दिलं नाही. आमच्या अंगणाचं पावसाचं पाणी खालच्या विहिरीकडे जातं आणि तीच वाट मशिदीला जाणाऱ्या लोकांची. एका शेजाऱ्याच्या पांढऱ्या सलवारीला आमच्या डागाचा काळा ठिपका लागला होता. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, अम्मींना ते माहीत होतं. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून तालुक्याला वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्याकडे दिलं आणि अंगणातली काळी माती वरून खरवडून काढली.

त्यानंतर

पुठ्ठा पुन्हा अंथरला. पहिल्या सकाळी कोरडा. दुसऱ्या सकाळी पुढचा इंजिनचा एक थेंब, मागे काही नाही. आठव्या सकाळी मागे काही नाही. चढावर जीप उभी करून, चाकांमागे पाचरी चार बोटं अंतरावर ठेवून, हॅण्डब्रेक ओढून आम्ही दहा मिनिटं उभे राहिलो. जीप हलली नाही. अम्मींना बोलावलं, त्या मात्र पाचरी पाहिल्याशिवाय जवळ आल्या नाहीत.

पुण्याचे गृहस्थ आले तेव्हा आम्ही जीपच्या आधी बाजीची वही त्यांच्या हातात दिली. काय गळत होतं, का गळत होतं, काय बदललं, आणि काय अजून बाकी आहे : इंजिनचा तो एक थेंब, मधल्या शाफ्टच्या टोकाची ओल, पुढच्या दांड्यांचं सील. त्यांनी सगळं वाचलं, स्वतः चटईवर झोपून खाली पाहिलं. राहिलेल्या कामांचे थोडे पैसे कमी करून मागितले आणि आम्ही ते मान्य केले. जाताना म्हणाले, "किंमत ठरली तशी द्या, पण ही वही गाडीबरोबर द्या." बाजीने रात्री बसून वहीची नक्कल उतरवून घेतली आणि मूळ वही त्यांना दिली.

चाचांनी मजुरी घेतली नाही. अब्बांचं आमच्यावर कर्ज आहे म्हणाले. कसलं ते सांगितलं नाही. अम्मींनी त्यांच्या घरी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण पाठवलं.

वाचकांपैकी कुणाच्या दारात जुनी जीप, फियाट, अँबेसेडर किंवा मामूंची जुनी व्हॅन उभी असेल, तर आज रात्री तिच्याखाली एक पुठ्ठा अंथरा. सकाळी थेंब दिसला तर घाबरू नका, आणि राखही टाकू नका. थेंब कुठे पडला, पातळ की घट्ट, वास कसा, एवढं लिहून ठेवा. मिस्त्रीला "सील बदला" असं सांगण्याआधी "ब्रीदर पाहिला का, शाफ्टची मोकळीक मोजली का, योकवर नख फिरवलं का" हे तीन प्रश्न विचारा. चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावणार नाही. आणि गाडीचा हॅण्डब्रेक कुठे लागतो, चाकाला की शाफ्टला, हे घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत करून द्या. चढावर गाडी उभी केली की चाकामागे दगड ठेवण्याची अब्बांची जुनी सवय होती. आम्ही तिला हसायचो. आता आमच्या प्रत्येकाच्या गाडीत लाकडाची एक पाचर आहे.